बारावीनंतर मोफत पास बंद!

अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चोंडी आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातले, जामखेड तालुक्यातले. त्यांच्या नावाच्या योजनेमुळे खेड्यातल्या मुली एसटीने मोफत शिकायला जातात. पण फक्त बारावीपर्यंत. एफवायला प्रवेश घेतला की मासिक पास विकत. सवलत ६६.६७ टक्के असली, तरी उरलेला तिसरा हिस्सा दर महिन्याला घरूनच यायचा. पाथर्डी-शेवगावकडचे अनेक आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, आणि पहिल्या सत्राची परीक्षा त्याच दिवसांत येते. गळती इथेच सुरू होते, असे मला वाटते.

सोयी आहेत, पण त्या मुलांपर्यंत वेळेत पोहोचत नाहीत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’, तर अकोले तालुक्यासारख्या भागातून येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी ‘स्वयं’ योजना आहे. दोन्हींत राहण्या-जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत महाविद्यालयातच काम करून मानधन मिळते.

प्राध्यापकांना विनंती : प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येकाला विचारा, ‘येणार कसा, राहणार कुठे?’ आणि अर्ज तिथेच भरून घ्या.