तांब्या, कॅलेंडर आणि चारूची दुर्बीण

जपानी दिग्दर्शक ओझूंचा बसका कॅमेरा आज, असं मागच्या वेळी कबूल केलं होतं. पण तो आणखी आठवडाभर थांबेल, बसलेलाच आहे. मध्येच इस्लामपूरहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलं आणि त्यातल्या दोन ओळींनी माझे चार दिवस खाल्ले. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ चित्रपटाच्या सुरुवातीबद्दल लिहिताना ‘कॅमेरा झपकन मागे जातो’ असं लिहून मी मोकळा झालो होतो. बाई विचारतात, ‘मागे जातो म्हणजे खरंच जातो, की नुसतं तसं वाटतं? आणि त्यानं काही फरक पडतो का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कान पकडून द्यावं लागणार. मी चुकीचं लिहिलं होतं. कॅमेरा जागचा हलत नाही. तो झूम आहे. उरला दुसरा प्रश्न, आणि तो मात्र अख्खा लेख मागतो.

आधी एक प्रयोग करा. ओट्यावर तांब्या ठेवा. मागे भिंतीवर कॅलेंडर असेलच. तांब्यामुळे नेमकी आजची तारीख झाकली जाईल अशा बेतानं मोबाइल धरून उभे राहा. आता बोटांनी चित्र मोठं करा. तांब्या मोठा झाला, कॅलेंडरही तितक्याच पटीनं मोठं झालं. पण आजची तारीख झाकलेलीच! कितीही ताणा, जे झाकलंय ते झाकलेलं आणि जे उघडं ते उघडंच राहतं. आता चित्र पूर्ववत करा आणि दोन पावलं पुढे चाला. तांब्या फुगत जाईल आणि एका तारखेऐवजी आठवडा गिळून बसेल. मागे सरका, झाकलेल्या तारखा एकेक करून बाहेर येतील.

चालणं म्हणजे ट्रॉली, चाकांवरचा कॅमेरा, आणि बोटं म्हणजे झूम. ट्रॉलीत तुम्ही त्या खोलीत वावरता, त्यामुळे वस्तूंचं एकमेकींशी असलेलं नातं बदलत जातं. झूममध्ये तुम्ही जिथल्या तिथे. बदलतं ते एवढंच, की खोलीचा केवढा तुकडा चौकटीत घ्यायचा.

आता हे घेऊन चारूच्या घरात चला. तो प्रसंग पुन्हा सगळा सांगत नाही. दुपार, रिकामं घर, दांडीची दुर्बीण घेऊन झडपांच्या फटींतून रस्ता बघणारी चारू. माकडवाला जातो, पालखी जाते, छत्रीवाला जाडगेला गृहस्थ जातो आणि त्याच्यामागे ती एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे धावते. इथे कॅमेरा चाकांवर आहे. तिच्याबरोबर तोही लगबगीनं सरकतो, कारण ती खरोखरच कुठेतरी निघाली आहे, भले दोन खिडक्यांपुरती का होईना.

मग बुटांचा आवाज येतो. भूपती. वर्तमानपत्राच्या कामात बुडालेला. तिच्या अंगावरून खोलीत जातो, पुस्तक उघडून वाचत वाचत पुन्हा तिच्या अंगावरूनच निघून जातो. हाकेच्या अंतरावरच्या नवऱ्याकडे चारू तीच दुर्बीण लावून बघते. तो दिसेनासा होतो, दुर्बीण धरलेला हात खाली येतो आणि त्याच क्षणी झूम. चारू लहान होते. आजूबाजूचं घर चौकटीत शिरतं.

दुर्बीण काय करते? लांबचं जवळ आणते, पण बघणारा जागेवरून हलत नाही. आणि हा झूम काय करतो? जवळचं लांब नेतो, पण इथेही कुणी हललेलं नसतं! चारूनं भिंगानं नवऱ्याला जवळ ओढलं, राय यांनी भिंगानंच तिला लांब ढकललं. ट्रॉली लावली असती तर कुणीतरी तिच्यापासून दूर गेलं, असं झालं असतं. पण इथे दूर कुणीच गेलेलं नाही. दोघं एकाच घरात राहतात, एकाच ताटकळत्या दुपारी, आणि अंतर मात्र पडतं. बाई, फरक पडतो तो असा.

राय हे जाहिरातींच्या धंद्यातले चित्रकार. सिनेमाच्या चौकटी आधी वहीत काढून ठेवायची त्यांची सवय होती. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात असते तशी लाल कापडी बांधणीची वही. हिशेबाच्या वहीत शॉट मांडणारा माणूस झूमची उधळपट्टी कशाला करेल? त्या काळात हे भिंग नव्या नवलाईचं होतं. पुढे सत्तरच्या दशकात आपल्या हिंदी सिनेमानं त्याचं काय केलं ते माझ्या वयाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. खलनायकाचं नाक, नायकाचं नाक, पुन्हा खलनायकाचं नाक. नुसता गोंगाट.

त्याच चित्रपटातला झोपाळा आठवा. बाग, चटईवर पडून लिहिणारा दीर अमल, झोके घेणारी चारू. इथे कॅमेरा झोक्याबरोबरच हिंदकळतो. त्यामुळे चारूचा चेहरा चौकटीत स्थिर राहतो आणि मागची बाग पुढे-मागे होते. दुर्बीण इथेही आहे. झाडांवरून, शेजारच्या घरातल्या आई-बाळावरून फिरत ती अमलवर येऊन थांबते. ज्या बाईचं घर जागचं हलत नव्हतं, तिची आता सगळी बाग हलायला लागली आहे. तोंडानं कुणी अवाक्षर काढायच्या आधी आपल्याला कळतं, की प्रकरण कुठे चाललंय.

आणि शेवट? चारू हात पुढे करते, दारातला भूपती हात पुढे करतो, आणि हात भेटायच्या आत चित्र थिजतं. मग एकामागून एक थिजलेल्या चौकटी : तिचा चेहरा, त्याचा चेहरा, दिवा घेऊन आलेला नोकर. ट्रॉली नाही, झूम नाही. बोटांमधलं ते वीतभर अंतर भिंगानं कमी होण्यासारखं नाही, आणि चालत जाऊन कमी करायचं तर दोघांपैकी कुणाला तरी पाऊल टाकावं लागेल. राय ते टाकू देत नाहीत.

१९६५मध्ये बर्लिनला या चित्रपटाबद्दल राय यांना दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं. आपल्या चित्रपटांत सगळ्यात कमी चुका ‘चारुलता’त आहेत, असं ते स्वतः म्हणत. माझ्या लेखात निघालेली चूक बाईंनी पकडली, त्यांचे आभार.

ओझू पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर ओट्यावरचा तांब्या उचलू नका. त्यांच्या पहिल्या रंगीत चित्रपटात एक लाल किटली आहे. ती कुठे ठेवायची, हा प्रश्न आपल्याला आठवडाभर पुरेल.