पोरकी मशिनं

डोंबिवलीतल्या काकांच्या टेबलावर खणांचा एक प्लास्टिकचा डबा असतो आणि प्रत्येक खणात एकेक घड्याळ. घड्याळ म्हणजे आतलं मशीन तेवढं. केस नाही, काच नाही, बऱ्याचदा काटेही नाहीत. शंभरेक वर्षांपूर्वी कुणाकुणाच्या खिशात चाललेली ही मशिनं. त्यांच्या केसेस सोन्या-चांदीच्या होत्या, एवढाच त्यांचा गुन्हा. जानेवारी 1980 मध्ये सोनं औंसाला 850 डॉलरपर्यंत चढलं, तेव्हा अमेरिकेत लोकांनी आजोबांची घड्याळं मोडीत काढली. मोड घेणाऱ्याला मतलब धातूशी. मशीन तो उपटून बाजूला टाकायचा. आज ती ऑनलाइन मिळतात. काका त्यांना स्टीलची नवी केस करतात आणि मनगटावर आणतात.

कल्पना काही काकांची नाही. आयडब्ल्यूसी कंपनीचं प्रसिद्ध ‘पोर्तुगीझर’ 1939 मध्ये निघालं, ते खिशातल्या घड्याळाचं मशीन मनगटी केसमध्ये बसवूनच. इटलीच्या नौदलात पाण्याखाली उतरणाऱ्या सैनिकांसाठी पानेराई कंपनीने केलेल्या घड्याळांतही मुळात कोर्तेबेर कंपनीचं खिशातलंच मशीन धडधडत होतं.

सध्या टेबलावर एल्गिन आहे. इलिनॉय राज्यातल्या एल्गिन गावच्या कारखान्याचं, 12 साइजचं, म्हणजे साधारण 40 मिलिमीटर व्यासाचं. कोरलेल्या नंबरावरून साल काढता येतं. हे 1920 च्या दशकातलं निघालं. तिकडच्या रेल्वेवाल्यांचं घड्याळ बहुधा 16 साइजचं, 43 मिलिमीटरचं. त्यावर केस चढली की ते पन्नाशीला टेकतं आणि आपल्याकडच्या बेताच्या मनगटावर ताटलीसारखं दिसतं. शिवाय त्यात वेळ लावायची तर पुढची काच काढून आतली बारीक पट्टी ओढावी लागते. 1891 साली ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली, त्यानंतर रेल्वे कंपन्यांनी घड्याळांचे नियम आवळले. खिशात चावी चुकून ओढली जाऊन काटे हलू नयेत, म्हणून ही पट्टी. मनगटावर मात्र ती नुसती कटकट. काका अशा मशिनांच्या वाटेला जात नाहीत.

या उद्योगात सगळ्यात जास्त वेळ खाते ती चावीची दांडी. स्विस घड्याळात दांडी बहुतेक मशिनाची असते. एल्गिन, वॉल्थम अशा अमेरिकन घड्याळांत ती केसची. केसच्या मानेत, चिरा पाडलेली एक पोलादी नळी आट्यांवर बसवलेली असते. ही नळी दांडीला दोन जागी धरते, आत आणि बाहेर. दांडी आत असली की तिचं चौकोनी टोक मशिनातल्या स्प्रिंगला रेटून धरतं आणि चावी बसते. दांडी बाहेर ओढली की रेटा सुटतो, मशीन आपोआप वेळ लावायच्या स्थितीत जातं आणि चावीने काटे फिरतात. केस वितळली की दांडी गेली आणि नळीही गेली. उरलेलं मशीन चावी घेतच नाही, आणि नवख्या माणसाला ते बिघडलेलं वाटतं. काकांना अशी ‘बिघडलेली’ मशिनं फार आवडतात; स्वस्तात मिळतात.

आता केस नवी, म्हणजे नळीही नवी. खिशातल्या घड्याळाला लांब मान असते, मनगटी घड्याळाला मानच नसते. काका लेथवर आखूड नळी कातून काढतात, केसच्या बाहेर जेमतेम डोकावेल एवढी, आणि वर मोठी गोल चावी बसवून ती झाकतात. मग सुरू होतो तो आट्यांचा खेळ. नळी पाव आटा आत गेली की चावी झकास बसते, पण काटे फिरत नाहीत. पाव आटा बाहेर आली की काटे फिरतात, पण चावी देताना आतले दात एकमेकांवरून घसरून करकरतात. डोळ्याला भिंग लावून काका फिरवतात, ऐकतात, पुन्हा फिरवतात. अख्खी दुपार यात गेलेली मी पाहिली आहे.

तबकडीचं दुखणं वेगळंच. उघड्या तोंडाच्या घड्याळात चावी बारावर आणि सेकंदाची छोटी तबकडी सहावर. मनगटावर चावी तीनवर हवी, म्हणून मशीन पाव फेरा फिरवायचं, की सेकंद येतो नऊवर. मग जुनी तबकडी चालत नाही, नवी छापून घ्यावी लागते. बहुतेक ग्राहक तेच करतात. मला ते पटत नाही. तांब्याच्या पत्र्यावर काचेची भुकटी भाजून केलेली ती एनॅमलची तबकडी शंभर वर्षांनीही पिवळी पडलेली नसते. तिच्यासाठी चावी बारावर, पट्ट्याच्या बाजूला, खुशाल राहू द्यावी.

एकदा एक निवृत्त रेल्वे कर्मचारी वडिलांचं घड्याळ घेऊन आले. चांदीची केस, तबकडीवर वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव, चालू स्थितीत.

“काका, याचं मनगटी करून द्या. मुलगा वापरेल तरी.”

“याला काय धाड भरलीय? साखळी लावून वापरू दे की.”

काकांनी ते उघडून साफ केलं, तेल घातलं आणि परत दिलं. धडधाकट घड्याळ फोडून मनगटी करणारे बाजारात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मालाला गिऱ्हाईकही आहे. काकांच्या डब्यात मात्र ज्यांचं घर आधीच मोडलं आहे तेवढीच मशिनं येतात.

एल्गिन शेवटी वेळ तपासायच्या यंत्रावर चढलं. खिशात घड्याळ उभं असतं, चावी वर, आणि कारखान्यात ते त्याच बेताने लावलेलं. डाव्या मनगटावर, चावी तीनला असताना, हात खाली सोडला की चावी जमिनीकडे. म्हणजे नेमकं उलटं. तसं धरल्यावर हे एल्गिन दिवसाला चाळीस सेकंद मागे पडत होतं, आडवं ठेवलं की दहा सेकंद पुढे. काकांनी बॅलन्सच्या, म्हणजे आतल्या डोलत्या चाकाच्या, कडेचे इवलेसे स्क्रू हलवून हलवून फरक निम्म्यावर आणला आणि हात थांबवला. पुढे जाण्यात धोका आहे. बॅलन्सच्या आसाची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी बारीक आणि त्यांना धक्क्यापासून वाचवणारी सोय या काळच्या मशिनात नाही. हेअरस्प्रिंग पोलादाची, लोहचुंबकाजवळ गेली की चिकटलीच.

म्हणून ग्राहकासाठी काकांनी कागदावर लिहिलं: चावी रोज सकाळी ठरल्या वेळी द्यावी. बाइकवर नको. पावसात नको. मोबाइलला चिकटवून ठेवू नये. ग्राहक बंगळुरूचा, आयटीतला. कागदाचा फोटो मिळाल्यावर त्याने लगेच फोन केला.

“काका, मग घालू कधी?”

“लग्नाकार्यात घाल. आणि ऑफिसात, पण फोन दुसऱ्या बाजूच्या खिशात.”