तेलातील संपृक्त मेद आणि मधुमेह

ज्यांच्या मेदाम्लांच्या कार्बन-साखळीत एकही दुहेरी बंध नसतो, त्या संपृक्त मेदांचे प्रमाण आहारात वाढले की यकृतात चरबी साठण्याचा आणि पेशी इन्सुलिनला पुरेशा न जुमानण्याचा, म्हणजेच इन्सुलिन-रोधाचा, धोका वाढतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सात आठवडे पामतेलाचे मफिन जादा खाणाऱ्यांच्या यकृतात, सूर्यफूल तेलाचे मफिन खाणाऱ्यांइतकेच वजन वाढूनही, अधिक चरबी आढळली. सोयाबीन आणि कपाशी पिकवणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात तेलांतील हा फरक घरच्या पिकांतही दिसतो: सोयाबीन तेलात संपृक्त मेद सुमारे १५ टक्के, सरकीच्या तेलात २६ टक्के, तर स्वस्त म्हणून फरसाणापासून बिस्किटांपर्यंत शिरलेल्या पामतेलात जवळपास निम्मे असतात. अंगाने सडपातळ माणसानेही निर्धास्त राहू नये, कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानुसार भारतीयांच्या बारीक दिसणाऱ्या देहातही चरबीचे प्रमाण बरेच असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण उष्मांकाच्या १० टक्के, म्हणजे २,००० उष्मांकांच्या आहारात सुमारे २२ ग्रॅम संपृक्त मेद, इतकी आहे.