इलेक्ट्रॉनिक कागद : घडीचा आणि बिनघडीचा

सिकंदराबादसारख्या ‘अ-१’ वर्गाच्या स्थानकांवर डब्यांना आरक्षण-तक्ते चिकटविणे रेल्वेने १ मार्च २०१८ पासून प्रायोगिक तत्त्वावर थांबविले. कागदाची बचत झाली. परंतु मोबाइल नसलेल्या प्रवाशाचा आधार गेला. अशा ठिकाणी इलेक्ट्रॉनिक कागद उपयोगी पडू शकेल. त्यातील सूक्ष्म कोशांत विद्युत्‌भारित काळे-पांढरे कण असतात. वीज केवळ मजकूर बदलताना लागते. एरवी अक्षरे विजेवाचून टिकतात व भर उन्हातही वाचता येतात. घडीच्या नमुन्यांविषयी मात्र लोक साशंक असतात : घडीवर चीर पडेल काय? किंमत परवडेल काय? शंका रास्त आहेत. काचेऐवजी प्लॅस्टिक वापरल्याने पृष्ठभाग वाकतो, पण एकाच रेषेवर वारंवार ताण पडल्यास आतील वाहक थर तडकू शकतो. डब्यावरील तक्त्याला तर घडीची गरजच नाही.