दोन माणसं

मार्चमधली सकाळ. उत्रोलीला मावशीकडे दोन दिवस राहायला गेलो होतो. चहा व्हायच्या आत अंगणात खाकीतला एक पोरगा येऊन उभा राहिला. वनरक्षक. हातात लाठी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कोरे कागद, लाखेची कांडी, काडेपेटी.

"काका, पंच म्हणून येता का? दोन माणसं लागतात. पाच घरं फिरलो, कुणी येईना."

मावशीने आतूनच मान हलवली. तरी मी गेलो. निव्वळ कुतूहल.

गावात पंच का मिळत नाही, हे काही कोडं नाही. ज्याच्या घराची झडती, तो कुणाचा चुलता, कुणाचा साडू. त्याच्याच बांधावरून उद्या पाण्याचा पाइप न्यायचा असतो. लेखी बोलावणं आल्यावर विनाकारण नकार देणं हाही गुन्हा आहे, पण तो कागद कोणता गार्ड गावात कुणाच्या हातात ठेवेल? गावातलं कुणी तयार नसेल तर बाहेरचा माणूस चालतो, ही कायद्यातली पळवाट माझ्या वाट्याला आली. दुसरा पंच म्हणून भोरला निघालेला एक दूधवाला अडवला होता. तो सारखा किटलीकडे बघत होता.

झडतीच्या घराच्या पडवीत, खताच्या गोणीमागे सात फासे सापडले. मोटरसायकलच्या क्लचवायरचे. गार्डने एक उचलला, गाठीवरून बोट फिरवलं आणि न बोलता माझ्यापुढे धरला. गाठीत चारपाच राठ केस अडकलेले. गंज आणि ओल्या जनावराचा एकत्र वास. तो वास पुण्याला परतल्यावरही दोन दिवस नाकात होता.

मग फ्रिज. "आधी मडकी बघायचो, आता फ्रीजर," गार्ड पुटपुटला. स्वतः हात घातला नाही. "वहिनी, तुम्हीच काढा." वहिनींनी मटारची पिशवी काढली, लेकराची पेप्सीकोला काढली, शेवटी बर्फाला चिकटलेला स्टीलचा डबा.

"बोकडाचं आहे," घरधनी म्हणाला.

"असंल भाऊ. हैदराबादची लॅब सांगंल."

तेवढ्यात घरधन्याच्या मुलाने विचारलं, "वॉरंट कुठंय?" पोराचा प्रश्न बिनतोड वाटला. गार्डबरोबर आलेले वनपाल शांतपणे म्हणाले, "कलम ५०." मला ती गुर्मी वाटली. नंतर वाचलं, तर माणूस खरं बोलत होता.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याच्या कलम ५०प्रमाणे, गुन्हा झाल्याचं मानायला सबळ कारण असेल तर कोणताही वनाधिकारी वॉरंटशिवाय घरात शिरू शकतो, गाडी थांबवू शकतो, सामान उघडू शकतो, जप्ती आणि अटकही करू शकतो. कोणताही, म्हणजे हा काडेपेटीवाला पोरगासुद्धा. पोलिसांपैकी मात्र फौजदार किंवा त्याच्या वरचाच. हवालदाराला जे जमत नाही, ते गार्डला जमतं! एरवी पोलिसाला वॉरंटशिवाय घराची झडती घ्यायची तर आधी कारण लिहून काढावं लागतं, काय शोधतोय तेही शक्यतो नोंदवावं लागतं. १ जुलै २०२४पासून झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं झालं. इथेही कुणाचातरी मोबाइल चालू होताच.

गंमत म्हणजे अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यातही कलम ५०च आहे, पण ते झडती होणाऱ्याच्या बाजूचं. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्या, असं तो म्हणू शकतो. आकडा तोच, तोंड उलट दिशेला.

मला खटकतं ते पुढचं. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. वनाधिकारी म्हणजे पोलीस नव्हे, असं न्यायालयांनी अनेकदा धरलंय, त्यामुळे त्याच्यापुढची कबुली चालू शकते. अमली पदार्थांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये हे दार लावून घेतलं. जंगलाकडचं किलकिलंच आहे. वर, मांस रानडुकराचं निघालं तर ते आपल्याकडे रीतसर होतं, हे सिद्ध करायचं घरधन्याने. ज्याच्या पिकात डुकरं लोळतात, त्या गावाला हे कसं पटावं? पण ते फासे डुक्कर आणि बिबट्या असा भेद करत नाहीत, हेही तितकंच खरं.

त्या सकाळी मात्र एवढ्या मोठ्या अधिकाराचा माणूस ओट्यावर उकिडवा बसून लाख वितळवत होता. वाऱ्याने तीन काड्या विझल्या. चौथीला लाखेचा थेंब बोटावर पडला. बोट तोंडात धरून त्याने दुसऱ्या हाताने चिठ्ठी पुढे सरकवली. दूधवाल्याने सही केली, मी केली. दोन माणसं झाली.

"तारखेला यावं लागंल हं, काका. भोरला."

दुपारी त्या घरची वहिनी कळशी घेऊन मावशीच्या दारावरून गेली. रोज थांबते म्हणे. त्या दिवशी थांबली नाही.

"तू जाशील पुण्याला," मावशी तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "तिच्या पोरीचं लग्न आलंय पंधरवड्यावर. पोळ्या लाटायला मला जायचंय."