दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप आणि ‘मालकाची जबाबदारी’

कीबोर्ड बदलायला दिलेला लॅपटॉप स्क्रीनला तडा जाऊन परत येतो, नाहीतर सुरूच होत नाही. तक्रार केली की काउंटरवरचा माणूस जॉब शीटवरच्या बारीक अक्षरांतल्या ओळीवर बोट ठेवतो: वस्तू मालकाच्या जबाबदारीवर स्वीकारली आहे. खाली आपली सही असते, आणि सही केली म्हणजे हक्क संपला असे मानून बहुतेक ग्राहक गप्प बसतात. हा समज चुकीचा आहे. भारतीय करार कायदा, 1872च्या कलम 151 प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावीच लागते. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात 1998 मध्ये पार्किंगला सोपवलेली एका पाहुण्याची गाडी चोरीला गेली, तेव्हा हॉटेलनेही टॅगवरच्या अशाच अटीचा आधार घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तो मानला नाही: स्वतःच्या निष्काळजीपणावर अशा अटीने पांघरूण घालता येत नाही, आणि वस्तू ताब्यात घेतल्याचे दिसले की काळजी घेतली होती हे हॉटेलनेच दाखवायचे. लॅपटॉपच्या बाबतीतही मूळ प्रश्न ताब्याचाच आहे.

यावर कारागिरांचे म्हणणे असे, की जुन्या यंत्राचा भरवसा नसतो; हिंज आधीच खिळखिळी असते, मदरबोर्डवर पाणी सांडलेले असते, उघडताच ते बंद पडते. हे खरे आहे, आणि कायदा हमी मागतही नाही, रास्त काळजी मागतो. म्हणूनच आधीचा दोष झाकण उघडताच फोटोसह कळवणारा कारागीर सुरक्षित राहतो. नुकसान झाल्यावर तो दोष पहिल्यांदा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणे कठीण. ग्राहकालाही हाच नियम लागू आहे. यंत्र कोणत्या अवस्थेत दिले हे आधी त्यालाच सिद्ध करावे लागते. चालू स्क्रीनचा, चारही कोपऱ्यांचा व्हिडिओ आणि जॉब शीटवर सीरियल नंबर नसेल, तर बाजू लंगडी पडते. सहीला काहीच किंमत नाही असेही समजू नये. भरपाईची कमाल रक्कम ठरवणारी, सही केलेली अट सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या कुरिअरच्या प्रकरणात मान्य केली होती. डेटाची जबाबदारी तर बहुतेक दुकाने लेखीच नाकारतात, आणि गेलेल्या फायलींची किंमत सिद्ध करणे अवघड. तिथे आधी घेतलेला बॅकअपच कामाला येतो.

‘पक्के बिल नाही, मग तक्रार कशी?’ हाही गैरसमजच. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे संभाषण पुरावा म्हणून मांडता येते. उलट सेवेची पावती न देणे हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सेवा फुकट घेतली असेल तर मात्र हा कायदा लागू होत नाही. वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि दुकान परगावी असले तरी आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रयत्न करून पाहावा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रागाच्या भरात बिघडलेले यंत्र लगेच दुसऱ्या दुकानात उघडायला देणे. मग नुकसान कोणी केले हेच सांगता येत नाही. यंत्र तसेच ठेवले, तर गरज पडल्यास आयोग ते प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. म्हणून काउंटर सोडण्यापूर्वीच लॅपटॉप सुरू करून पाहा, दोष दिसला तर तिथल्या तिथे लेखी नोंद मागा, ती नाकारली तर त्याच दिवशी संदेश पाठवा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.