हजेरीपट उभा वाचून पाहा

राधानगरी-गगनबावड्याकडे पावसाची झड लागली की कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. त्याच्या बऱ्याच आधी राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकेक बंधारे पाण्याखाली जातात आणि आसपासच्या खेड्यांतून मोटारसायकलवर शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीकडे कामाला येणाऱ्यांचा रस्ता लांबतो. 2019 किंवा 2021 सारखा महापूर आला आणि शिरोलीजवळ महामार्गच बुडाला, तर कोणालाच येता येत नाही. त्याआधीचे दोन-चार दिवस मात्र वेगळे असतात. तेव्हा येता येते, पण वळसा घालून, भिजत, जादा पेट्रोल जाळून. न आलेल्याला कोणी बोल लावत नाही. त्या दिवसापुरते कामावर येणे-न येणे खरोखर कामगाराच्या मनावर असते.

माणसाला आपल्या कामाविषयी काय वाटते आणि तो कामावर येतो का, यांचे नाते तपासायला नेमका असाच दिवस लागतो. फ्रँक स्मिथ या अमेरिकी संशोधकाला तो एप्रिल 1975 मध्ये सापडला. शिकागोत प्रचंड हिमवादळ झाले, वाहतूक कोलमडली. सीअर्स या मोठ्या व्यापारी कंपनीच्या तिथल्या मुख्य कचेरीतल्या कर्मचाऱ्यांची कामाविषयीची मते काही महिन्यांपूर्वीच नोंदवून ठेवलेली होती. वादळानंतरच्या दिवशी 27 गटांची हजेरी मोजली, तर ती 39 टक्क्यांपासून 97 टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. वादळ सगळ्यांना सारखेच होते. ज्या गटांनी साहेबाविषयी, कामाविषयी, कंपनीच्या भवितव्याविषयी बरे मत दिले होते, तिथली माणसे बर्फ तुडवत आली होती. त्याच कंपनीच्या न्यूयॉर्कच्या कचेरीत बर्फ नव्हते. तिथे जवळपास सगळेच हजर होते आणि मतांचा हजेरीशी काही संबंध दिसला नाही.

या निष्कर्षाची दुसरी बाजू आपण सहसा विसरतो. रोजच्या साध्या दिवशी मनातली नाराजी हजेरीपटावर फारशी उमटत नाही. अशा अनेक अभ्यासांची एकत्र पडताळणी रिक हॅकेट यांनी 1989 मध्ये केली. कामातले समाधान वाढले की खाडे कमी होतात, हे खरे निघाले. पण माणसामाणसांच्या खाड्यांमधल्या फरकाचा जेमतेम 4-5 टक्के भाग समाधानाने उलगडत होता. त्यामुळे ‘पोरांना कामाची आवडच राहिली नाही’ हे वाक्य कितीही ठासून म्हटले, तरी विज्ञान त्याला पुरेशी साथ देत नाही.

मग उरलेले काय? रिचर्ड स्टीअर्स आणि सुझन ऱ्होड्स यांनी 1978 मध्ये हजेरीचे दोन धागे वेगळे केले. एक, येण्याची इच्छा. दुसरा, येणे शक्य असणे. कोल्हापुरात हा दुसरा धागा फार जाड आहे. इथल्या फौंड्रीतला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातला, कामगार अनेकदा अर्धा शेतकरी असतो. रोप लावणीला घरची माणसे कमी पडतात, उसाला तोड आली की शेतावर थांबावे लागते, गावची म्हाई असते, आईला सी.पी.आर. रुग्णालयात न्यायचे असते. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मोल्डरला छठ किंवा होळीला गाव गाठायचे असते. यातल्या प्रत्येक खाड्याची तारीख आधी सांगता येण्यासारखी असते. 1931 मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगानेही हेच सुचवले होते, की कामगाराचे गावाशी असलेले नाते हे बलस्थान माना, ते तोडू नका, त्याला शिस्त लावा. इतक्या वर्षांनंतरही पुष्कळ ठिकाणी जूनमध्ये गावाकडचा माणूस आला नाही, की सुपरवायझरला आश्चर्य वाटते. मला या आश्चर्याचेच नवल वाटते.

आता फौंड्रीच्या आत जाऊ. ओतायचे लोखंड 1,400 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. भट्टीजवळ उष्णता असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फेटलिंग शॉपकडे मात्र पाहुणे फारसे वळत नाहीत. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला वाळू चिकटलेली असते, रनर-रायझरचे तुकडे जोडलेले असतात. ते हातोड्याने तोडायचे आणि कडा ग्राइंडरने घासायच्या. ग्राइंडर पाळीभर हातात थरथरत राहतो. वर्षानुवर्षे तसे काम केले तर बोटांतला रक्तप्रवाह बिघडतो, बोटे बधिर आणि पांढरी पडतात. उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे बारीक कण फुप्फुसात रुततात आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. इथल्या कामगाराने महिन्यात चार खाडे केले तर आधी कोणाला जाब विचारायचा, हे मला सरळ दिसते.

उष्णतेविषयी तर आता भारतातलाच पक्का पुरावा आहे. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि मीनू तिवारी यांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. विणकाम, कपडे शिवणे आणि पोलाद अशा उद्योगांची रोजची नोंद त्यांनी तपासली. गरम दिवसांत हातून काम कमी होते आणि गैरहजेरीही वाढते. देशभरच्या कारखान्यांत वार्षिक तापमान एका अंशाने चढले, तर उत्पादन सुमारे 2 टक्क्यांनी घटते. कारखान्यात थंडावा आणला की कामाचा वेग सावरतो, पण गैरहजेरी तशी सावरत नाही. कारण कामगार घरी जातो तो पत्र्याखाली, आणि रात्रीची झोप तिथे होते. पाळी संपल्यावरही अंगातली उष्णता उतरली नाही तर दुसऱ्या दिवशीचा खाडा आदल्या रात्रीच ठरलेला असतो.

तरीही कामाची जागा तेवढीच तापलेली असताना दोन कारखान्यांत फरक पडू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, हार्वर्डच्या जॉन फॉक्स आणि जेरोम स्कॉट यांनी अमेरिकेतल्या तीन धातू कारखान्यांच्या ओतकाम विभागांची हजेरी तपासली. युद्धाच्या धामधुमीत दोन ठिकाणी गैरहजेरी वाढत गेली, तिसऱ्या ठिकाणी ती आटोक्यात राहिली. तिथल्या मुकादमांना माणसे कशी सांभाळायची याचे शिक्षण आधीपासून मिळत होते, मजुरी टोळीच्या एकत्रित कामावर होती आणि आठवड्याची सुट्टी कोणी कधी घ्यायची हे आधी बोलून ठरत होते. भट्टी तीच, घाम तोच. पण माणसाला आपली सुट्टी मागून घेता येत होती.

आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे हजेरी बोनस. महिन्यात खाडा नाही तर अमुक रुपये जादा. जर्मनीतल्या एका किरकोळ विक्रीच्या साखळीत शिकाऊ कामगारांवर याचा रीतसर प्रयोग झाला. रोख बोनस दिल्यावर गैरहजेरी कमी होण्याऐवजी सुमारे 50 टक्क्यांनी वाढली. संशोधकांचा अर्थ असा, की रोज येणे ही साधी जबाबदारी होती. बोनसने सांगितले की ती जादा कामगिरी आहे आणि न येणे चालण्यासारखे आहे. फौंड्रीतल्या पोटापुरत्या मजुरीला हे जसेच्या तसे लागू पडेल असे मी म्हणणार नाही. इथे धोका उलटा आहे. बोनस बुडू नये म्हणून माणूस ताप अंगावर काढून ग्राइंडर हातात धरतो. कंत्राटी कामगाराला तर बोनस नसला तरी यावे लागते, कारण न आल्यास त्या दिवसाची मजुरी नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने वर्षात 240 दिवस भरणाऱ्याला दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा दिली होती. पण मध्येच ठेकेदार बदलला, की कामगाराचे दिवस पुन्हा एकपासून मोजले जाऊ शकतात. अशा विभागाची 98 टक्के हजेरी पाहून समाधान मानणे मला क्रूर वाटते.

हजेरीपट आपण आडवा वाचतो. एका नावासमोर महिन्याचे किती खाडे, एवढेच पाहतो आणि त्या माणसाला बोलावून दम देतो. तोच कागद उभा वाचावा. एका तारखेला कोणत्या विभागात किती माणसे गैरहजर होती? कोणत्या सुपरवायझरच्या पाळीला? ब्रिटनमध्ये हिल्डा बेरेंड यांनी शुक्रवार आणि सोमवारच्या हजेरीतला फरक मोजून कारखान्याचा ताण ओळखण्याची रीत घालून दिली. कोल्हापुरात कित्येक कारखान्यांची सुट्टी सोमवारी असते, म्हणून इथे रविवार आणि मंगळवार ताडून पाहावे लागतील. पुराच्या इशाऱ्याचे दिवस वेगळे काढावेत. शिकागोच्या बर्फाने जे दाखवले ते इथे पंचगंगा दर पावसाळ्यात दाखवू शकते. ज्या विभागात त्या दिवशीही माणसे आली, तिथल्या सुपरवायझरकडून इतरांनी शिकावे.

आणि विचारावे. बेंगळुरूच्या आसपासच्या कपड्यांच्या कारखान्यांत अच्युत अध्वर्यू आणि सहकाऱ्यांनी असा प्रयोग केला. अपेक्षेपेक्षा कमी पगारवाढ झाल्यावर लगेच, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या कामगारांकडून निनावी मत घेतले: काम कसे आहे, सुपरवायझर कसा वागतो, समाधानी आहात का. एवढ्यानेच त्या कामगारांतले नोकरी सोडणे आणि खाडे दोन्ही घटले; सर्वांत जास्त हिरमुसलेल्यांत तर अधिकच. नाव न लिहिता मत देण्याची एक चिठ्ठी शिरोलीतल्या छोट्या फौंड्रीलाही परवडते. सुरुवात फेटलिंग शॉपपासून करावी. तिथली बरीच माणसे कंत्राटी असतील तर त्यांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर नसतील, ठेकेदाराच्या वहीत असतील. ती वही आधी मागवून घ्यावी लागेल.